रेडिएटर भरणारा

१

गळती शोधायची तर आधी गाडी कोरडी करावी लागते. पाणी एकीकडून निघतं, दुसरीकडून वाहतं आणि तिसरीकडेच टपकतं. म्हणून मी आधी इंजिन पुसून घेतो, खाली पुठ्ठा पसरतो, स्टूल ओढून बसतो आणि वाट बघतो. पुठ्ठ्यावर थेंब पडला की मान वर करायची. या कामात घाई केली की फसगत ठरलेली. मला घाई कधी नव्हतीच. वाट बघणारं कोणी नसलं की माणसाची घाई आपोआप संपते.

मी गॅरेजच्या मागच्याच खोलीत राहतो. खोलीचं एक दार शेडमध्ये उघडतं, दुसरं मागे नळाकडे. बायको जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी लांबच्या शहरात असते, दर रविवारी सकाळी फोन करते. जेवता ना, औषध घेता ना, ठीक आहे, ठेवते. उरलेल्या सहा दिवसांत मी गिऱ्हाइकांशी बोलतो, आणि गिऱ्हाईक नसलं की इंजिनांशी.

तो ट्रक आला एका सोमवारी. थंडी पडली होती. जुना, लांब नाकाचा, मूळचा निळा असावा. भाड्याचा ड्रायव्हर तो शेडमध्ये लावून निघून गेला आणि शेजारच्या सीटवरून एक चाळिशीची बाई उतरली. शाळेत शिकवायची, त्यामुळे सगळे तिला बाईच म्हणत. मीही तेच म्हणू लागलो.

"आमच्या वडिलांचा आहे," ती म्हणाली. "तीन महिन्यांपूर्वी ते गेले. आता हा दारात नुसता उभा आहे. वीटभट्टीवाला घ्यायला तयार आहे, पण म्हणतो आधी पाण्याची गळती काढा."

"किती गळतो?"

"सतत. दारात कायम चिखल."

मी खाली वाकून पाहिलं. खालचा होज पाइप फुगून तडकलेला, क्लिपा गंजलेल्या, वॉटर पंपाच्या पोटाखालच्या बारीक भोकातून एकसारखा पाझर, आणि रेडिएटरच्या जाळीवर पांढरे-हिरवे डाग. एवढ्या ठिकाणांहून गळणारी गाडी चालत इथवर आली कशी, याचंच मला नवल वाटलं.

"वाटेत किती वेळा पाणी घातलंत?"

"एकदाही नाही," बाई म्हणाली. मग घाईने पुढे बोलली, "होईल ना काम? आईला तो दारातून गेलेला हवाय. तिला त्याचा त्रास होतो."

एका उभ्या ट्रकचा म्हातारीला कसला त्रास, हे मी विचारलं नाही. दारातल्या चिखलाचा असेल. माझ्या गॅरेजमधून आजवर एकही गाडी गळकी परत गेलेली नव्हती. मी म्हटलं, "शनिवारी या. कोरडा ठणठणीत करून देतो."

२

मंगळवारी सकाळी पाणी काढायला घेतलं.

या जातीच्या इंजिनात रेडिएटर धरून दोन बादल्या पाणी मावतं, फार तर सव्वादोन. मी रेडिएटरखालची पाणी सोडायची चावी उघडली आणि बादली सरकवली. पहिली बादली तांबडी भरली, गंजाची. बरोबर होतं. दुसरी फिकट. ती ओतून आलो तरी धार तेवढीच जाड होती. तिसरी बादली लावली.

तिसरी भरली. चौथीही भरली.

पाचव्या बादलीतलं पाणी इतकं नितळ होतं की तळाचा पोचा दिसत होता. मी बोट बुडवलं. थंडगार. इंजिनात वर्षानुवर्षं उकळलेल्या पाण्याला तेलाचा, लोखंडाचा वास असतो. याला कसलाच नव्हता.

आपलं मोजण्यात चुकलं, असं मी ठरवून टाकलं. एकट्या माणसाचं मोजणं चुकतं. मी अजूनही कधी कधी दोन कप मांडतो आणि चहा ओतताना लक्षात येतं. दोन बादल्या वाहताना मनाने पाच केल्या असतील. पण बादल्या मी मागच्या सिमेंटच्या टाकीत ओतल्या होत्या. टाकी सकाळी रिकामी होती. जाऊन बघितलं, ती निम्म्याच्या वर भरली होती.

चावी बंद केली, वर चढून रेडिएटरचं झाकण काढलं. पाणी गळ्यापर्यंत होतं.

गळती शोधताना आम्ही म्हणतो, कुठेतरी पाणी मुरतंय. पाणी जातं कुठे हे हुडकण्यात माझा जन्म गेला. ते येतं कुठून, हे शोधायची वेळ कधी आली नव्हती.

शेवटी मी खालचा होज पाइपच उपसून काढला. भसकन सगळं अंगावर आलं, जमीन भिजली, आणि थोड्या वेळाने धार तुटली. टॉर्च लावून गळ्यातून आत पाहिलं. रिकामं. मी तसाच थांबून राहिलो, एक विडी ओढून होईपर्यंत. रिकामंच होतं. मला जरा हसू आलं. आत कुठेतरी गाळाचा बांध असेल, त्यामागे पाणी तुंबलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. इंजिनाच्या पोटात पाच बादल्या तुंबायला जागा नसते, हे मला माहीत होतं. तरी सांगितलं.

३

बुधवारी रेडिएटर उतरवला. मिठी मारून उचलावा लागतो, लहान मुलासारखा. तो बाकावर आडवा ठेवला, पंप काढला, थर्मोस्टॅट काढला. थर्मोस्टॅट उघडाच अडकून बसला होता. गाडीच्या तोंडाशी आता नुसती चौकट उरली, आणि तिच्यामागे पंख्याची चार पाती.

दुपारी खोलीत चहा टाकला. स्टोव्ह बंद केला आणि शेडमधून आवाज आला.

आवाज ओळखीचा होता, म्हणून आधी मी दचकलोही नाही. डब्याच्या लांब चोचीतून अरुंद तोंडात पाणी ओतताना होतो तो आवाज. आधी खोल, घुमणारा. मग भरत येतं तसा चढत जाणारा, बारीक होत जाणारा. ओतणारा सवयीचा होता. धार मध्ये तुटली नाही, हिसका नाही, घाई नाही. आवाज अगदी वरच्या पट्टीत पोचला आणि थांबला. मग डबा जमिनीवर टेकवल्याचा हलका टण्ण.

"कोण आहे?" मी खोलीतूनच विचारलं. गिऱ्हाईक असेल, पाणी मागायला आलेलं.

शेडमध्ये कोणी नव्हतं. पुढचं शटर अर्धं ओढलेलं, जसं मी ठेवलं होतं तसंच. डबा नव्हता. रेडिएटर बाकावर आडवा पडलेला, वरून सुका, आतून सुका.

पण ट्रकपुढची जमीन ओली होती. सकाळपासून वाळलेल्या फरशीवर एकच ओला गोल, ताटाएवढा. मी गुडघ्यावर बसलो आणि त्या गोलावरून नजर सरळ वर नेली. रेडिएटर जागेवर असता, तर त्याचं तोंड बरोबर तिथे आलं असतं.

कोणीतरी तिथे नसलेल्या रेडिएटरमध्ये पाणी ओतलं होतं. आणि ते भरल्याचा आवाज मी ऐकला होता.

छपरातून ठिबकलं असेल, म्हणून मी वर पाहिलं. पत्रा तापून कडकड वाजत होता. पाऊस महिन्याभरात नव्हता. मी फडकं आणून फरशी पुसली, पिळली, पुन्हा पुसली. चहा गार झाला होता. मी तो तसाच प्यायलो आणि रेडिओ मोठ्याने लावून ठेवला.

४

गुरुवारी शाळा सुटल्यावर बाई डोकावली. मी बाकावर रेडिएटरला डाग देत होतो. पाण्यात बुडवून हवा सोडली तेव्हा तीन जागी बुडबुडे आले होते. तिन्ही जागा घासून त्यांवर कथील ओतायचं काम चाललं होतं.

"जमतंय?"

"जमतंय. बाई, एक विचारू? वडील रोज पाणी घालायचे का याला?"

"नाही. कधीच नाही."

"एवढ्या गळत्या गाडीला?"

तिने पिशवी स्टुलावर ठेवली. "त्यांना घालावंच लागलं नाही. त्यांनी हा दुसऱ्याकडून घेतला, तेव्हापासून गळतोय. बावीस वर्षं. ब्रेक दाखवायचे, क्लच दाखवायचे, पण पाण्याच्या बाजूला कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. एका मिस्त्रीने न विचारता नवा होज बसवला, तर भर बाजारात त्याच्याशी भांडले आणि सुरीने तो कापून टाकला. म्हणायचे, गळतंय तोवर बरं आहे. आम्हाला वाटायचं, चिक्कूपणा."

"आणि आईंना कसला त्रास होतो?"

"ट्रक दारात असला की सकाळी साडेसहाला तिला आवाज येतो. कोणीतरी पाणी ओततंय. मला नाही येत. मी तेव्हा आंघोळीला असते, माझ्या कानात माझंच पाणी." ती हसली, पण माझ्या चेहऱ्याकडे बघत हसली. "तुम्हाला काही ऐकू आलं का मिस्त्री?"

तिला खरं सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तीन वर्षांत कोणी मला असं थांबून काही विचारलं नव्हतं. पण वीटभट्टीवाला रविवारी येणार होता, ट्रक तसाच दारात परत गेला असता तर तिची आई पुन्हा साडेसहाला उठून बसली असती, आणि मी शनिवारचा शब्द दिला होता.

"नाही," मी म्हटलं. "मी आपला रेडिओ ऐकतो."

ती गेल्यावर मी हातातली डागणी तशीच निवू दिली. ज्याने बावीस वर्षं हा ट्रक चालवला तो म्हणायचा गळू दे, आणि मी एकेक भोक बुजवत बसलो होतो. पण अडाणी हट्टाची माणसं मी कमी पाहिली नव्हती. एक जण बॉनेटवर नारिंगी पट्टा मारल्याशिवाय गाडी बाहेर काढत नसे. गिऱ्हाइकांचं ऐकत बसलो असतो तर एकही गाडी दुरुस्त झाली नसती.

५

शुक्रवारी दुपारपर्यंत सगळं जागेवर होतं. नवा पंप, नवं गॅसकेट, नवा थर्मोस्टॅट, दोन्ही होज नवे, सहा क्लिपा, डागलेला रेडिएटर. मी मोजून पाणी घातलं. दोन बादल्या आणि एक तांब्या. तासभर इंजिन चालू ठेवलं. काटा मध्यावर येऊन थांबला तो हलला नाही. खाली पसरलेला पुठ्ठा कोरडा. या ट्रकखाली बावीस वर्षांत पहिल्यांदा कोरडं होतं. इंजिन बंद केलं आणि आजूबाजूची शांतता जाणवली. टपटप थांबली होती. सोमवार-मंगळवारी ती माझ्या कानांत इतकी बसली होती की तिच्याशिवाय शेड ओस वाटली.

पंख्याचा पट्टा जरा सैल होता. नवा आणायला मी बाजारात गेलो. तासाभराने आलो.

आधी शेडमध्ये गेलो. पुठ्ठा चिंब. रेडिएटरच्या वरच्या निकासाच्या नळीतून पाणी बाहेर पडत होतं, थांबत थांबत, पोट भरल्यावरही कोणी घास कोंबावा तसं. झाकण काढायला हात लावला तर ते दाबाने थरथरत होतं. इंजिन केव्हाच निवलं होतं. थंड गाडीत दाब नसतो.

मी झाकण तसंच सोडलं आणि खोलीचं दार लोटलं.

टेबलावरचा कप भरलेला होता. शेजारचा दुसरा कपही. पातेली, तांब्या, किटली, तिची बारीक चोचसुद्धा. काठोकाठ, पाणी काठाच्या वर फुगून आलेलं, थेंबही न सांडता. दाराजवळचे बूट भरलेले. खिळ्यांचा डबा, राखेची ताटली, टॉर्चचं उघडं पोट. कोणीतरी खोलीभर फिरलं होतं आणि ज्याला ज्याला तोंड होतं ते ते भरलं होतं. नळाला तर फक्त सकाळी पाणी येतं.

मग मी फळीकडे पाहिलं. तिथे बायकोच्या चष्म्याची डबी असते. पत्र्याची, घट्ट चापाची, ती गेल्यापासून मी उघडलेली नाही. हातात घेतली तर जड लागली. चाप उघडला. डबी पाण्याने भरलेली होती आणि चष्मा तळाशी, नितळ पाण्यात, जरा मोठा दिसत होता.

मी खाटेवर बसलो. भीती वाटली म्हणणं खरं, पण त्या वेळी राग आधी आला. मग वाटलं, हे सगळं मीच केलं असेल तर? बादल्या मीच मोजल्या, फरशी मीच पुसली, आवाज मीच ऐकला. म्हाताऱ्या माणसांचं होतं असं. मी मुलीला फोन लावला.

"बाबा? आज शुक्रवार आहे."

"माहीत आहे. सहज केला. थंडी आहे का तिकडे?"

"आहे. तुम्हाला बरं नाही का?"

"बरं आहे. तुझ्या आईचा चष्मा पुसत होतो."

मीच म्हटलं, "चल, ठेवतो."

६

शनिवारी सहाच्या आधीच, अंधार असतानाच, मी ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. बॉनेट उघडून वर टेकवलेलं होतं. चालकाच्या जागेवरून समोर त्याचा पत्राच दिसतो, पण पत्रा आणि काच यांच्यामध्ये खाली हातभर रुंदीची फट राहते. तिच्यातून रेडिएटरचं तोंड बरोबर दिसत होतं. झाकण मी काढून ठेवलं होतं. मला एवढंच बघायचं होतं की साडेसहाला काहीही होत नाही. मग मी डॉक्टरकडे गेलो असतो, आनंदाने गेलो असतो.

शटर बंद होतं, शेडमधला दिवा मी चालू ठेवला होता. घड्याळात साडेसहा झाले.

शटरचा आवाज नाही, पावलांचा नाही. फटीत उजवीकडून डब्याची चोच आली. लांब, टोकाला वाकलेली. ती रेडिएटरच्या तोंडाला टेकली आणि पाणी ओतू लागली.

चोचीमागे दोन हात होते. मनगटापासून पुढचेच दिसत होते, बाकी पत्र्याआड. फार दिवस पाण्यात राहिल्यावर बोटं होतात तशी पांढरी, सुरकुतलेली बोटं. एक हात डबा धरून होता, दुसऱ्याचं एक बोट रेडिएटरच्या काठावर होतं. आंधळा माणूस पेल्याच्या काठावर बोट ठेवून पाणी कुठवर आलं ते बघतो ना, तसं. आजारी माणसाला पाणी पाजावं इतक्या जपून ते ओतत होतं. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्याची कीव आली. हे किती वर्षं रोज येत असेल, कोणासाठी, आणि कोणी त्याला पुरे म्हटलं नसेल.

रेडिएटर आधीच भरलेला होता. पाणी लगेच काठावर आलं. बोट भिजलं आणि धार थांबली.

डबा मात्र खाली गेला नाही. बोट काठावरून उचललं गेलं आणि हवेत चाचपडू लागलं. इंजिनाच्या माथ्यावर, पंख्याच्या पात्यांवर, होजवर. नव्या क्लिपेवर ते जरा थांबलं, तिथे पूर्वी तडा होता. पुन्हा पुढे सरकलं. ते काहीतरी शोधत होतं, ज्यात पाणी जाईल असं. हात फटीतून काचेपर्यंत आला. या ट्रकची पुढची काच खालून चार बोटं उघडी राहते, तिची कडी कधीचीच मोडलेली. बोट त्या उघड्या कडेवर टेकलं, कडेकडेने सरकलं आणि आत आलं. त्याच्यामागून डब्याची चोच.

चोच माझ्या चेहऱ्याच्या उंचीवर थांबली. तेव्हा मला कळलं की मी धापा टाकतोय, आणि माझं तोंड उघडं आहे.

मी तोंड मिटलं.

दात आवळले, ओठ आत ओढले, नाकाने श्वास घेत राहिलो, तोही लहान लहान. बोट माझ्या हनुवटीला लागलं. थंड होतं आणि मऊ होतं. ते हनुवटीवरून वर आलं, ओठांच्या रेषेवरून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत फिरलं. जोर नव्हता. फक्त थांबणं होतं. त्याला घाई नव्हती.

उजव्या हाताने मी दाराची कडी चाचपली, दार उघडलं आणि बाहेर घसरलो. पडलो तिथूनच रांगत पुढच्या चाकामागून गाडीखाली शिरलो. पुढच्या बंपरपलीकडे मी बघितलं नाही. तिथे पाय दिसले असते किंवा दिसले नसते, मला दोन्ही नको होतं. पालथ्या हाताने रेडिएटरची खालची चावी सापडली. मी ती पाव वळसा फिरवली.

पहिला थेंब माझ्या मनगटावर पडला. मग दुसरा.

वर बराच वेळ काही झालं नाही. नंतर पुन्हा तो आवाज सुरू झाला, संथ, बारीक धारेचा, वरच्या पट्टीतला. भरलेल्या भांड्यात जेवढं कमी झालं तेवढंच घालणारा. मी ओल्या पुठ्ठ्यावर तोंड मिटून पडून राहिलो, आणि तो थांबला तरी उठलो नाही.

७

वीटभट्टीवाल्याला मी सांगितलं की इंजिनाचा ठोकळाच तडकलाय, गळती निघायची नाही. तो माणूस चांगला होता. त्याच्याकडे विटा भरायला बायका-माणसं दिवसभर ट्रकच्या आगेमागे असतात. तो गावभर म्हणाला की मिस्त्रीचे हात आता थकले. म्हणू दे.

बाई आली तेव्हा तिला मी म्हटलं, "ट्रक इथेच राहू दे. मला लागतील तसे भाग काढून घेईन."

ती पुठ्ठ्यावरच्या थेंबांकडे बघत राहिली. "गळतोय अजून."

"हो."

"आई या आठवड्यात सातपर्यंत झोपते," ती म्हणाली. मग म्हणाली, "मिस्त्री, वडील दवाखान्यात होते ना, शेवटचे दोन दिवस, तर त्यांनी तोंडच उघडलं नाही. नर्स चमच्याने पाणी देत होती, तर ओठ असे घट्ट. आम्ही किती विनवलं. मला अजून वाटतं, आमच्यावर रागावून गेले."

"रागावून नाही," मी म्हटलं. "एवढं नक्की सांगतो."

तिने का म्हणून विचारलं नाही. डोळे पुसले, पिशवी उचलली आणि गेली. पुन्हा आली नाही, आणि ते बरंच झालं.

गळती ठेवणं हे गळती काढण्यापेक्षा अवघड काम आहे. चावी जास्त उघडली तर ते दिवसभर ओतत राहतं आणि शेड वाहते. कमी उघडली तर गाळाचा एक कण येऊन भोक बुजतं. मी बारीक तार करून ठेवली आहे, दिवसातून पाच-सहा वेळा चावीच्या भोकात फिरवतो. थेंब पडतोय तोवर ते तिकडे असतं. मी लांब कुठे जात नाही. झोपताना हनुवटीखालून फडकं बांधून डोक्यावर गाठ मारतो, दात दुखणाऱ्यासारखं. सुरुवातीला हसू यायचं.

परवाच्या रविवारी मुलीचा फोन आला. आवाज वेगळा होता.

"बाबा, ऐका. मी आणि ह्यांनी बोलून ठरवलंय. मागची खोली रिकामी केलीय, तुमची खाट टाकलीय. तुम्ही त्या दिवशी मधेच फोन केलात ना, तेव्हापासून माझं मन लागत नाही. गॅरेज बंद करा आणि इकडे या. कायमचे."

तीन वर्षं मी याच वाक्याची वाट बघितली होती. दर रविवारी ती ठेवते म्हणाली की मी क्षणभर फोन कानालाच धरून बसायचो, की अजून काही म्हणेल. आणि आता तिने ते म्हटलं होतं. खोलीला खिडकी आहे, ती सांगत होती, सकाळचं ऊन येतं. नातीने भिंतीला रंग निवडलाय. मी खाटेवर बसून ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

मी येतो असं म्हणणार होतो. म्हणजे, येईन म्हटलं असतं, मग बाकीचा विचार केला असता. मी तोंड उघडलं आणि त्याच वेळी लक्षात आलं की शेडमधली टपटप थांबली आहे.

केव्हा थांबली कोणास ठाऊक. तिच्या बोलण्यात माझं लक्ष राहिलं नव्हतं.

समोर टेबलावर कप भरलेला होता. मी बघत असताना शेजारच्या दुसऱ्या कपातलं पाणी सावकाश वर चढत काठाला आलं आणि थांबलं. मग माझ्या मागून, खाटेच्या डोक्याकडून, डबा उचलल्याचा हलका आवाज झाला.

मी ओठ मिटले. फोन कानाला तसाच धरून उठलो, मागे न बघता खिशातली तार बाहेर काढली आणि शेडच्या दाराकडे चालू लागलो.

"बाबा? काय झालं? येणार ना?" मुलगी विचारत होती. "बाबा, बोला ना. तुम्ही रडताय का? काहीतरी बोला."